जुनी मोठी गाडी आणि घरी न पोहोचलेले पत्र



गेल्या महिन्यात चिमूर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे यजमान कोळसा खाणीतून सेवानिवृत्त झाले आहेत. फंडाचे पैसे हाती आले आणि धाकट्या मुलाने हट्ट धरला, मोठी गाडी घ्यायची. नवी नव्हे, जुनी. दिल्लीहून आलेली, काळी, सात जण बसतील अशी, चामडी सीटांची. नवी असताना पंचवीस लाखांच्या पुढची ही गाडी दलाल साडेसहा लाखांत देतो म्हणतो. बाई लिहितात, "गाडी झकास दिसते, पण माझे मन धजत नाही. दलालाला काय विचारावे तेही आम्हांस समजत नाही." असेच प्रश्न आता बल्लारपूर, राजुरा, देसाईगंजकडूनही येऊ लागले आहेत, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

मुलाच्या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा महारवाड्यातल्या पाहुण्याला घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला माणूस मिळाला नाही. पाहुण्याने पायी जाऊ नये म्हणून वस्तीतलाच एक जण, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, तो पुढे बसला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपल्या दारात आपली गाडी असावी ही इच्छा कुठून येते, हे आम्हांस कोणी सांगायला नको. पण त्याच प्रसंगात दुसरीही गोष्ट आहे. मान राखायला घेतलेल्या वाहनाने जिवावर बेतू शकते.

आता दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, ते पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. पुढे त्यात फेरफार झाले. तरी आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी लवकर विकून मोकळे व्हायची तिकडे रीत पडली. म्हणजे स्वस्त आहे म्हणून ती चोरीचीच असेल असे नाही. पण स्वस्ताईबरोबर एक भानगड येते, तिच्याबद्दल दलाल बोलत नाही.

गाडी विकल्यावर कधी कधी कंपनीलाच कळते की एखादा भाग मुळातच सदोष बसला आहे. मग त्या त्या महिन्यांत बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून देतात. याला रिकॉल म्हणतात. काही उदाहरणे सांगतो. टोयोटाने २०१४ साली २००५ ते २००८ मध्ये बनलेल्या जवळपास ४५ हजार इनोव्हा बोलावल्या. स्टिअरिंगमधल्या एका केबलमुळे ड्रायव्हरची एअरबॅग निकामी होण्याचा धोका होता. होंडाने २०१५ साली सीआर-व्ही, सिटी, सिव्हिक, जॅझ अशा सुमारे सव्वादोन लाख गाड्या बोलावल्या. महिंद्राने २०२३ साली एक लाख आठ हजारांवर एक्सयूव्ही ७०० तपासायला बोलावल्या, कारण इंजिनपाशी वायरिंग घासून कापले जाण्याची भीती होती. जनरल मोटर्सने २०१३ साली १ लाख १४ हजार टवेरा बोलावल्या. तो दोष धुराचा होता. त्या कंपनीने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणेच थांबविले, तरी टवेरा आजही आपल्या बाजूला लग्नाच्या वऱ्हाडात दिसते.

यांतले होंडाचे प्रकरण आपल्या भागाने नीट समजून घ्यावे. दोष ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये होता. धडक बसताच पिशवी फुगविण्यासाठी आत धातूच्या डबीत रसायन असते. ते अमोनियम नायट्रेट होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडते. मग पिशवी फुगायच्या ऐवजी डबीच फुटते आणि लोखंडाचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. जगभरात यात माणसे मेली आणि २०१७ साली ताकाता दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि त्यावर जुलैची ओल. दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून पाहावा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आता मुख्य गोष्ट. रिकॉल निघाला की कंपनी तिच्या वहीतल्या मालकाला पत्र किंवा फोन करते. तो मालक दिल्लीत. त्याने गाडी दलालाला दिली, त्याने नागपूरच्या दलालाला, त्याने चंद्रपूरच्या. पत्र दिल्लीच्या पत्त्यावर पडून राहते आणि सदोष गाडी मूलच्या जंगलातून आपल्या लेकराबाळांना घेऊन पळत असते.

उपाय अवघड नाही. आरसी बुकावर सतरा अक्षरी-अंकी चासिस नंबर असतो. तोच गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का ते आधी पाहावे. मग बयाणा देण्यापूर्वी तो नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावे आणि विचारावे, "या नंबरवर रिकॉलचे काम बाकी आहे काय? आधीच्या सर्व्हिसची नोंद दाखवा." आपण तिसरे मालक आहोत म्हणून दबून बोलायचे कारण नाही. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नव्हे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. सरकार आता कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत सात वर्षांच्या आतील गाड्या धरल्या आहेत आणि दंड एक कोटीपर्यंत आहे. दलालाची गाडी बहुधा याहून जुनी असते, म्हणून कायद्याच्या भरवशावर न बसता स्वतः विचारलेले बरे.

त्याच फेरीत एक परीक्षा घरबसल्या करता येते. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. सतत जळत राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कोणीतरी दिवाच काढून टाकला असेल. अपघातात उडालेली बॅग न बदलता वरचे झाकण चिकटवून गाडी विकणारे लोक आहेत.

नेहमीच्या तक्रारींबद्दल आमचा स्वतःचा अनुभव सांगतो, हसू नका. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी वर्गणी करून अशीच एक मोठी गाडी घेतली होती. मीटरवर ७० हजार किलोमीटर होते. तीन महिन्यांत टर्बो गेला, मग इंजेक्टर, मग पुढच्या सस्पेन्शनचे बुश. मेकॅनिकने ब्रेकचे पेडल दाखविले, त्याचे रबर पार गुळगुळीत झाले होते. "दादा, ही दोन लाखांच्या वर चालली आहे," तो म्हणाला. मीटर मागे फिरविलेला होता. गाडी साडेपाच लाखांची आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती एक लाख ऐंशी हजारांची. पंचवीस लाखांच्या गाडीचे भाग गाडी जुनी झाली म्हणून स्वस्त होत नाहीत, हे तेव्हा समजले. ऑटोमॅटिक गिअर बॉक्स बिघडला तर गडचिरोलीत हात लावणारा माणूस सापडणे कठीण, टोचन लावून नागपूर गाठावे लागते. भामरागड-एटापल्लीकडच्या बांधवांनी तर या वाटेला जाऊच नये असे आमचे मत आहे. तिकडे साधी, गावच्या मिस्त्रीला कळणारी जीपगाडीच खरी. टायरचेही तसेच. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असले टायर उन्हाळ्यात फुटतात.

कागदांचे थोडक्यात. दिल्लीची एनओसी हवी, आपल्या राज्याचा कर भरावा लागतो, एमएच-३४ किंवा एमएच-३३ ची नोंद करून घ्यावी लागते. हा खर्च साडेसहा लाखांत धरलेला नसतो. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. आणि मुलाचा बेत पाहुण्यांची भाड्याने ने-आण करण्याचा असेल तर पांढऱ्या पाटीवर ते चालत नाही. अशोक विजयादशमीला वस्तीतली सात माणसे पैसे घेऊन दीक्षाभूमीला नेली आणि वाटेत नीलगाय आडवी आली, तर विमा कंपनी हात वर करील आणि जखमींचा खर्च खाणीतून निवृत्त झालेल्या बापाच्या उरल्यासुरल्या फंडातून जाईल. ताडोबाची सफारीही या गाडीने होत नाही, तिथे वनखात्याकडे नोंदलेल्या उघड्या जिप्स्या लागतात.

या भगिनीला आम्ही टपालाने एवढेच कळविले, की बयाणा थांबवा आणि चासिस नंबर मागा. दलालाने आधी टाळाटाळ केली, मग आरसीचा फोटो दिला. मुलगा तो घेऊन परवा सर्व्हिस सेंटरला गेला होता. एअरबॅगचे काम बाकी निघाले आणि शेवटच्या सर्व्हिसला मीटर १ लाख ६२ हजार होता. दलालाने ८१ हजार सांगितला होता. घरात आता दुसऱ्या गाडीचा विचार चालू आहे, आणि या वेळी चासिस नंबर आईने स्वतः लिहून घेतला आहे.