आज्ञाधारक फेलूदा

फेलूदाचा नवा चित्रपट आला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया ऐकू येतात. सौमित्र चॅटर्जींनंतर फेलूदा होणे नाही, ही एक. दुसरी अशी की, दोष चित्रपटांत नसून आमच्या वयात आहे. बाराव्या वर्षी जे अद्भुत वाटले ते पन्नाशीत कसे वाटावे? आम्हांस या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच आळशी वाटतात. पहिलीत समीक्षेच्या जागी श्रद्धांजली आहे, तर दुसरीत प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची युक्ती. 'सोनार केल्ला' आम्ही आजही पाहतो आणि तो आजही पुरून उरतो, एवढे सांगितले तरी वयाचा मुद्दा निकालात निघावा. राहिला सौमित्रबाबूंचा. नट बदलला म्हणून आमची तक्रार असती, तर शशी कपूरपासूनच ती सुरू झाली असती.

ज्यांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. प्रदोष मित्तिर ऊर्फ फेलूदा 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात प्रथम अवतरला. सत्यजित राय यांच्या आजोबांनी काढलेले आणि पुढे बंद पडलेले हे मासिक राय यांनीच 1961 साली पुन्हा सुरू केले होते. फेलूदावर पस्तीस पूर्ण कथा-कादंबऱ्या झाल्या. त्यांतल्या दोहोंवर राय यांनी स्वतः चित्रपट केले, 'सोनार केल्ला' (1974) आणि 'जॉय बाबा फेलुनाथ' (1979). त्यानंतरचे सारे चित्रपट त्यांचे चिरंजीव संदीप राय यांचे: 'बोम्बाइयेर बोम्बेटे' (2003), 'कैलाशे केलेंकारी' (2007) येथपासून 'हत्यापुरी' (2022) आणि 'नयन रहस्य' (2024) यांपर्यंत. मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलूदा पुष्कळ घरांत पोहोचला. आमच्यापैकी काहींची त्याच्याशी ओळख मात्र उलट्या दिशेने झाली: आधी फिल्म सोसायटीच्या खुर्चीत, इंग्रजी उपशीर्षके वाचत, आणि पुस्तके नंतर.

मुद्दा असा की, नव्या चित्रपटांवर सर्वाधिक आक्षेप घेतला जातो तो मूळ कथेशी ते प्रामाणिक नाहीत, असा. आमचा आक्षेप नेमका याच्या विरुद्ध आहे. हे चित्रपट नको तितके प्रामाणिक आहेत.

राय स्वतःच्या कादंबरीशी कसे वागले ते पाहावे. 'सोनार केल्ला' ही कादंबरी रीतसर रहस्यकथा आहे. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या मुकुलला राजस्थानात घेऊन फिरणारे डॉ. हाजरा खरे डॉ. हाजरा नाहीत, हे वाचकाला बऱ्याच उशिरा कळते. चित्रपट करताना राय यांनी हे रहस्य सुरुवातीलाच उधळून लावले. खऱ्या डॉक्टरला कड्यावरून ढकलले जाते ते आपण डोळ्यांनी पाहतो. तोतया कोण, त्याचा साथीदार मंदार बोस कोण, हे फेलूदाच्या कितीतरी आधी आपल्याला ठाऊक होते. स्वतःच्याच पुस्तकाचा कणा असा काढून टाकायला धाडस लागते आणि त्याहूनही अधिक लागते ती माध्यमाची समज. 'गुन्हेगार कोण' हा प्रश्न वाचकाला पानामागून पान पुढे नेतो. पडद्यावर मात्र त्याचे उत्तर एकदा कळले की दुसऱ्यांदा पाहण्यासारखे काही उरत नाही. राय यांनी तो प्रश्नच काढून घेतला आणि त्या जागी दोन गोष्टी ठेवल्या. एक, तोतया माणसाचा हात धरून निर्धास्त चाललेले मूल पाहताना वाटणारी भीती. दुसरी, मंदार बोसच्या भूमिकेतील कामू मुखर्जींचे ते बेरकी विनोदीपण; त्यामुळे ती भीती सुसह्य होते आणि अधिक खोलही जाते. 'सोनार केल्ला' आम्ही किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. गुन्हेगार कोण, हे पहिल्या खेपेलाही आमच्यापासून लपवलेले नव्हते.

संदीप राय यांनी पुस्तके जपली. प्रसंगांचा क्रम, संशयितांची रांग, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून फेलूदाने केलेला उलगडा हे सारे बहुतांशी जागच्या जागी असते. परिणाम असा होतो की पुस्तक वाचलेल्याला पुढचे सगळे माहीत असते आणि न वाचलेल्याला तासभर माणसांच्या ओळखी करून दिल्या जातात. वडिलांनी आपलेच पुस्तक ज्या मोकळेपणाने मोडले, त्या मोकळेपणाने वडिलांचे पुस्तक मोडणे मुलाला जमू नये, यात मानवी दृष्ट्या आश्चर्य काहीच नाही. पण चित्रपट पाहताना आम्ही कुटुंबाच्या भावना सांभाळायला बसलेलो नसतो.

या आज्ञाधारकपणाला एकच अपवाद आहे आणि तोच सर्वांत घातक ठरला आहे. कथा वर्तमानात आणल्या गेल्या. फेलूदाच्या हाती मोबाइल फोन आला. रस्त्यांवरच्या गाड्या बदलल्या. बदल तेवढ्यावरच थांबला. 'कैलाशे केलेंकारी'चे उदाहरण घेतो, कारण ही कथा आपल्या वेरूळला घडते आणि म्हणून आमचे तिच्याकडे जरा अधिक लक्ष. मूळ कादंबरी 1973 सालची. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे शिर चोरीला जाते आणि त्याचा माग काढत फेलूदा कैलास लेण्यापाशी पोहोचतो. 1973 साली हा विषय ताजा होता: सांस्कृतिक संपत्तीच्या तस्करीविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा, आपल्याकडचा पुरावशेषांसंबंधीचा कायदा 1972 चा. मूर्ती फोडून परदेशी विकणाऱ्यांविषयीचा फेलूदाचा संताप हा त्या काळातल्या सुशिक्षित भारतीयाचा संताप होता.

आता 2007 साली हीच कथा 'आज' घडते म्हणून सांगायची, तर तो 'आज' कोणता? त्याच सुमारास तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील मंदिरातून नटराजाची कांस्यमूर्ती नाहीशी झाली होती; 2008 साली ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने रीतसर खरेदी केली आणि 2014 साली ती भारतात परत आली. म्हणजे चोरीचा माल आता बनावट कागदपत्रांच्या आधारे प्रतिष्ठित दालनांतून राजमार्गाने जात होता. पटकथाकाराला या विशिष्ट मूर्तीची माहिती असावी अशी आमची अपेक्षा नाही. पण कथा वर्तमानात आणायची तर तस्कर कसा बदलला, एवढा विचार तरी व्हायला हवा होता. पडद्यावर दिसतो तो सत्तरीच्या दशकातलाच तस्कर. चित्रपटात काळ बदलला तो फोनपुरता.

याच ओघात सिधूज्याठांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे आणि विलक्षण स्मरणशक्ती यांच्या बळावर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देणारे हे वृद्ध गृहस्थ म्हणजे फेलूदाचे चालतेबोलते ग्रंथालय. 'सोनार केल्ला'त हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी त्यांना असे काही उभे केले आहे की त्यांच्या वाट्याला आलेली काही मिनिटे आख्ख्या चित्रपटाचा बौद्धिक सूर ठरवतात. ज्याच्या खिशात इंटरनेट आहे असा फेलूदा सिधूज्याठांकडे कशासाठी जाईल? या प्रश्नातून एक हृद्य प्रसंग निघू शकला असता: माहिती सर्वत्र मिळत असतानाही माणसाकडेच का जावे, याचा. नव्या चित्रपटांना हा प्रश्नच पडत नाही. सिधूज्याठा हवेत, कारण ते पुस्तकात आहेत. फोन हवा, कारण साल बदलले आहे.

आता जटायू. लालमोहन गांगुलींविषयी लिहिताना आमचा हात जरा थरथरतो. पेशाने वकील असलेल्या संतोष दत्त यांनी ही भूमिका अशी काही व्यापली की राय यांनी चित्रपटानंतर पुस्तकांतली जटायूची रेखाचित्रेच बदलली. पुढच्या कथांतला जटायू दत्तांच्या चेहऱ्याने वावरू लागला. नटाने पात्राला चेहरा दिला आणि लेखकाने तो मुकाट्याने स्वीकारला, अशी उदाहरणे वाङ्मयात किती सापडतील? दत्त 1988 साली गेले. त्यानंतर आलेल्यांत रबी घोष होते, अनुपकुमार होते, विभू भट्टाचार्य होते. (1986 साली दूरदर्शनसाठी संदीप राय यांनीच केलेल्या हिंदी 'किस्सा काठमांडू का'मध्ये शशी कपूर फेलूदा आणि आपले मोहन आगाशे जटायू होते. 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीसांना जटायूच्या वेषात पाहणे हा मराठी प्रेक्षकासाठी एक स्वतंत्रच अनुभव आहे. असो.) यांतला एकही नट सामान्य नव्हे. दोष त्यांना काय करायला दिले याचा आहे.

'जॉय बाबा फेलुनाथ'मधील मगनलाल मेघराजच्या घरातला प्रसंग आठवावा. उत्पल दत्तांचा मगनलाल गादीवर बसून गोड बोलत असतो. सरबत येते, त्यात विष असेल या शंकेने जटायूंचा घसा कोरडा पडतो. मग त्यांना एका फळीपुढे उभे केले जाते आणि म्हातारा, खोकणारा अर्जुन त्यांच्या अंगाभोवती सुऱ्या फेकू लागतो. प्रेक्षागृहात हशा सुरू असतो आणि तो हळूहळू घशात अडकतो. समोर एका साध्या, जरा बढाईखोर, कुणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसाची विटंबना चालली आहे आणि फेलूदा ती नुसती पाहतो आहे. त्याला काहीही करता येत नाही. त्याच्या बुद्धीचा येथे शून्य उपयोग आहे. बाहेर पडल्यावर तो जे ठरवतो, या माणसाचा सूड घेईन नाहीतर हा व्यवसायच सोडीन, ते आपल्याला पटते, कारण त्या अपमानाचे आपण साक्षीदार असतो. चित्रपटाचा उत्तरार्ध उभा आहे तो या एका पराभवावर. हरवलेला गणपती हे निमित्त.

नव्या चित्रपटांतल्या फेलूदाचा असा अपमान झालेला आम्हांस आठवत नाही. तो संकटात सापडतो, त्याच्यावर हल्ले होतात, पण त्याची प्रतिमा कधी डागळत नाही. जटायू चुकीची माहिती देतात, फेलूदा ती सुधारतो, तोपशे हसतो. हे पुस्तकांतही आहे. मात्र तेथे तोपशेचा प्रथमपुरुषी निवेदक आवाज त्या चेष्टेला आपुलकीचे अस्तर लावतो. तो आवाज गेला की उरते ते केवळ एका वयस्कर माणसाला हसणे. राय यांना हे उमगले असावे, म्हणून त्यांनी जटायूंना भीती दिली आणि भीतीबरोबर प्रतिष्ठाही. विभू भट्टाचार्यांच्या वाट्याला मुख्यत्वे चुका आल्या. त्यांचे 2011 साली निधन झाल्यावर जटायू नसलेल्या कथा निवडून 'बादशाही आंगटी' (2014) आणि 'डबल फेलूदा' (2016) करण्यात आले. अडचणीतून काढलेली ही वाट आम्हांस त्या वेळी सन्माननीय वाटली होती, आजही वाटते.

चित्रपट तेवढे एकसुरी नाहीत, वेबमालिकाही आहेत, असे कोणी म्हणेल. सृजित मुखर्जी यांनी 'फेलूदा फेरत'मध्ये (2020) कथा जुन्या काळातच ठेवली. निर्णय योग्य होता. तरी जुनी गाडी, जुना फोन आणि जुना चश्मा यांच्यावर कॅमेरा इतका रेंगाळतो की गुन्हा बिचारा कोपऱ्यात उभा राहतो.

आमचे खरे दुःख मुकुलपाशी आहे. सोन्याचा किल्ला शोधायला निघालेला तो न हसणारा मुलगा शेवटी जैसलमेरला पोहोचतो, पडक्या घरांतून हिंडतो आणि त्याला घरी जावेसे वाटते. राय यांनी मुलांसाठीच्या साहसकथेत हे ठेवले: स्मृतीत जपलेल्या सोन्याच्या जागी प्रत्यक्षात दगड निघतात आणि मूल ते सोसून पुढे जाते. 'नयन रहस्य'मध्येही केंद्रस्थानी असाच एक अद्भुत शक्तीचा मुलगा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर संख्येत आहे तो कोणताही प्रश्न विचारा, आकडे त्याच्या डोळ्यांपुढे येतात. केवढी शक्यता! त्या मुलाला त्या आकड्यांचे काय वाटते? रात्री डोळे मिटल्यावर काय दिसते? चित्रपटाला त्याच्या शक्तीवर टपलेल्या माणसांची यादी पूर्ण करायची घाई आहे. मुलगा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, एखाद्या मौल्यवान अंगठीसारखा.

आणि तरीही ती धून वाजते. 'सोनार केल्ला'साठी राय यांनी रचलेली फेलूदाची धून नव्या चित्रपटांतही येते आणि ती आली की अंधारात बसलेले आम्ही सगळे एकदम सावरून बसतो. संदीप राय यांना हे पक्के ठाऊक आहे. बहुतेक वेळा डिसेंबरात, नाताळच्या केकबरोबर, हे चित्रपट येतात. कोलकात्यातील कुटुंबे तीन पिढ्यांसह जातात, आजोबा नातवाला धून ओळखायला लावतात. त्या नातवाविषयी आम्हांस कुतूहल आहे. त्याने सौमित्र पाहिलेले नाहीत, संतोष दत्त पाहिलेले नाहीत. सावरून बसण्यासाठी लागणारी आठवण त्याच्यापाशी नाही. 1974 च्या डिसेंबरात 'सोनार केल्ला' पाहायला गेलेल्या मुलांपाशीही ती नव्हती. त्यांच्यासाठी त्या दिवशी पडद्यावर काळेकुट्ट वाळवंट, पळते उंट आणि एक रडवेला मुलगा होता.