पाटा मोडला, हक्क कशाला सोडायचा?



कापूस भरलेला पिकअप जिनिंगच्या वाटेवर असताना आमच्या गाडीचा मागचा मेन पाटा मोडला. ॲक्सल एका बाजूने मागे सरकला. कंपनीचे वर्कशॉप म्हणाले, "पाट्यांचा पूर्ण संच बदला. माल मागवू, आठ दिवस लागतील." आठ दिवस भाव कुणासाठी थांबतो? आम्ही नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, सेंटर बोल्ट काढला, मोडलेला तेवढाच पाटा बदलला, बुश नवे घातले. संध्याकाळी गाडी वजनकाट्यावर!

हे जमले कशामुळे? पाटा खुल्या बाजारात मिळतो म्हणून. ज्या भागाला कंपनीने कुलूप घातले, तिथे मिस्त्रीचे हात बांधलेले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. समितीने पाटा बदलत नाही! अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तिथल्या शेतकऱ्याला जे मिळते, ते आपल्याला का नको?

आपली चूकही कबूल करू. आपण क्षमतेपेक्षा जास्त माल भरतो, नवा पाटा बसवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेत नाही. ते सुधारू. पण नवी गाडी घेताना विक्रेत्याला आधी विचारा, "सुटा भाग बाहेर मिळेल काय?" नाही म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या.