अंगावरचं दूध बंद करू नका, हळद-कल्हईकडे बघा

मैत्रिणींनो, 2025 च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रांतून एक बातमी आली आणि तान्हं मूल असलेल्या घरांत धास्ती पसरली. बिहारमधल्या 40 पाजत्या आयांचं दूध पाटण्याच्या महावीर कॅन्सर संस्थानाच्या संशोधकांनी तपासलं, तर प्रत्येकीच्या दुधात युरेनियम निघालं! इथे कन्नडला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने मला विचारलं, "बाई, मग अंगावरचं बंद करून डब्याचं सुरू करू का?" तिच्या सासूबाई तर गाईचं दूध पाणी घालून द्यायच्या तयारीत होत्या.

अशी घाई मुळीच करू नका. सर्वांत जास्त प्रमाण निघालं ते लिटरमागे 5.25 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यातसुद्धा लिटरला 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा धरते. आयांनी पाजणं थांबवू नये, असं त्या संशोधकांनीच सांगितलं आहे. पण मथळे वाचून पान उलटणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आणि डब्याचं दूध कालवायला पाणी कुठलं घेणार? आपल्याच बोअरचं ना! मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आईचं, गाईचं, म्हशीचं दूध आणि बाजारातले बाळांचे तयार आहार तपासून 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईच्या दुधात शिसं लिटरला जेमतेम 2 मायक्रोग्रॅम निघालं, म्हशीच्या दुधात त्याहून थोडं जास्त. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसं असायचं; ते देशभर बंद झालं 2000 साली.

मला काळजी वाटते ती या शिशाचीच, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातून येऊ शकतं. पोटात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. गरोदरपणी आणि पाजताना बाळाला कॅल्शियम लागतं. आईच्या जेवणातून ते मिळालं नाही, तर शरीर तिच्या हाडांतून काढून घेतं, आणि त्याबरोबर शिसंही सुटतं. पोटातल्या बाळाला तर ते नाळेतून मिळतं, म्हणून काळजी बाळंतपणाच्या आधीपासूनच घ्यायची. मेक्सिकोत पाजत्या आयांना रोज कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या दुधातलं शिसं थोडं उतरलं.

आता आपल्या घरात बघा. सव्वा महिना डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, सगळं साग्रसंगीत. आणि पुढे? दुधाचा पेला नवऱ्याला, मोठ्या मुलाला, आणि तिच्या वाट्याला चहापुरतं! मूल अंगावर पितंय तोवर तरी तिच्या ताटात दही-ताक, तिळाची चटणी, राजगिरा, शेवग्याच्या पाल्याची भाजी रोज काहीतरी हवंच. रक्त कमी असेल तर तेही भरून काढा. लोह कमी असलं की अंगात शिसं जास्त शोषलं जातं.

हळदीचं सांगते. बांगलादेशात खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. शोध घेता घेता लोक हळदीपर्यंत पोहोचले. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळत असत. 2019 मध्ये तिथे छापे पडले, दंड झाले, आणि 2021 पर्यंत बाजारातल्या हळदीतून ते जवळजवळ नाहीसं झालं. आपल्याला तर वसमत-हिंगोलीची हळद जवळची. हळकुंडं घेऊन दळून आणा, पण हाताला रंग लागेल अशी चकचकीत नकोत. जरा मळकट दिसली तरी चालतील.

पितळेची पातेली आता पुन्हा माळ्यावरून खाली येऊ लागली आहेत. चांगलं आहे, पण कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग, म्हणून त्यात शिसं मिसळलं जातं आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही. कथील खात्रीच्या दुकानातून आपणच आणून द्यावं आणि समोर बसून कल्हई करून घ्यावी. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवू नये, ते कळकतं, हे तुम्हाला आईने सांगितलं असेलच.

बाळाच्या डोळ्यांत सुरमा अजिबात नको. कित्येक सुरम्यांत शिसंच असतं. घरचं काजळसुद्धा डॉक्टर नको म्हणतात. "दूध वाढेल" म्हणून कुणी बिननावाची पुडी दिली, तर घेऊ नका. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, आणि पुडीत काय आहे ते आपल्याला कसं दिसणार?

लेक बाळंतपणाला यायची म्हणून खोली रंगवायला काढतात. घरगुती रंगांतल्या शिशावर 2017 च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा आहे, पण जुन्या भिंती-खिडक्यांवरचा तेलरंग खरवडला की त्याची धूळ घरभर होते. हे काम ती यायच्या आधी उरका आणि फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा.

घरातलं कुणी बॅटऱ्या फोडण्या-वितळवण्याच्या किंवा डाग देण्याच्या कामावर असेल, तर त्याने आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं. ते कपडे वेगळे धुवा आणि डॉक्टरांना या कामाबद्दल आपणहून सांगा. शिशासाठी रक्ताची तपासणी असते. आपल्याकडे नमुना छत्रपती संभाजीनगरला पाठवावा लागला, तरी ती करून घ्या.