विश्लेषण : न्यूयॉर्क-मुंबई १४ तास, मग इंदापूरला पोहोचायला अख्खा दिवस का?

अमेरिकेतला मुलगा गावी कधी पोहोचेल, हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या घरांत आता नवा नाही. लग्न असेल तर एक दिवस इकडे-तिकडे चालतो. पण घरात कुणी गेले आणि अंत्यविधीची वेळ ठरवायची असेल, तर जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर ‘न्यूयॉर्क ते मुंबई किती तास’ असे शोधतो. उत्तर येते, साधारण १४ तास. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. आकडे खोटे नाहीत. मात्र त्यांच्या भरवशावर पाहुण्यांना वेळ कळवली, तर ती हमखास चुकते.

अंतर नेमके कशाचे?

हे अंतर पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचे असते. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते. गोलावर दोरा ताणला, की तो वायव्येला चढतो आणि उत्तर युरोप, ग्रीनलँडच्या बाजूने खाली उतरतो. विमान मात्र या दोऱ्यावरून उडतेच असे नाही. युक्रेन युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले आणि युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये नेवार्क-मुंबई थेट सेवा स्थगित केली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. त्याची झळ मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसली. कागदावरचे अंतर तेच राहिले, वळसे वाढले.

वाऱ्याचेही आहेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम भारताकडे येणाऱ्या विमानाला ढकलतो आणि जाणाऱ्याला अडवतो. म्हणून जाताना तास-दोन तास जास्त लागतात.

हिशेब कुठे फसतो?

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. समजा, जून महिन्यात सोमवारी तिथल्या दुपारी १२ वाजता विमान सुटले. मुंबईत ते उतरेल मंगळवारी सकाळी साडेअकराला. इमिग्रेशन, सामान यात दीड तास. पुढे इंदापूर जवळपास २९० किलोमीटर. द्रुतगती मार्ग, बोरघाट, पुण्याची कोंडी, मग सोलापूर रस्ता, असे सहा तास धरा. संध्याकाळचे सात. उड्डाणाआधीचे तीन तास धरले, तर प्रवास चौदा नव्हे, साडेचोवीस तासांचा. तोही पहिल्याच विमानात जागा मिळाली तर. ॲप यातले काही सांगत नाही, कारण त्याच्या लेखी प्रवास विमानतळावर संपतो.

बारामतीला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा नाही. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि विमानतळ हवाई दलाचा. अमेरिकेपर्यंतचे इंधन भरलेल्या मोठ्या विमानाला ती अपुरी पडते. पुरंदरचा विमानतळ झाला तर बारामतीकरांचे दोन-तीन तास नक्की वाचतील. पण ते वाचवण्यासाठी सात गावांच्या जमिनी जाणार आहेत आणि त्या गावांचा विरोध जुना आहे. वाचणारे तास एकाचे आणि जाणारे शिवार दुसऱ्याचे, हे ‘विकास’ म्हणताना सोयीस्करपणे विसरले जाते.

तोवर वेळ कळवायची असेल, तर तिकिटावर मुंबईत उतरण्याची जी वेळ छापलेली असते, ती धरा. ती भारतीय वेळेतच असते. त्यात इंदापूरसाठी साडेसात तास मिळवा. बारामतीसाठी सात.