समुद्राचा शून्य कुठे असतो?

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर उभं राहून फोनमधलं जीपीएसचं अ‍ॅप उघडलं, तर त्यात माझी उंची दिसली उणे साठ मीटरच्या आसपास. म्हणजे अ‍ॅपच्या मते मी वीस मजली इमारतीएवढी पाण्याखाली! प्रत्यक्षात चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभी होते. शेजारी जाळं नीट करत बसलेल्या काकांना फोन दाखवला. ते हसले. "मशीन बिघडलंय गं पोरी तुझं."

मलाही तेच वाटलं. पण मशीन बरोबर होतं. चुकत होता तो माझा समज, की समुद्र सगळीकडे एकाच पातळीत असतो.

उपग्रह उंची मोजतात ती एका कल्पित, गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपट्या गोळ्यापासून. खरा समुद्र तसा नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक, कुठे हलके. त्यामुळे गुरुत्वाकर्षण जागोजागी थोडं बदलतं आणि पाणी कुठे फुगतं, कुठे खोलगट होतं. यातला जगातला सगळ्यात मोठा खळगा भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे पाणी त्या कल्पित गोळ्यापेक्षा सुमारे 106 मीटर खाली आहे. तो का तयार झाला असावा, याचं एक स्पष्टीकरण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2023 मध्ये मांडलं. आपली कोकण किनारपट्टी त्याच खळग्याच्या उतारावर बसलीय.

आता प्रश्न असा, की हा वेडावाकडा आकार लिहायचा कसा? इथे येतं ते गणित, ज्याचं नाव ऐकून मी बारावीनंतर मास कॉमला पळाले असते: अनेक चलांच्या लंब बहुपदी. घाबरू नका, कल्पना साधी आहे. तुम्ही उत्तरेकडे दहा पावलं चाललात, तर पूर्वेकडे किती गेलात या हिशेबात काहीच बदलत नाही. दोन दिशा एकमेकींना लंब आहेत, म्हणून दोन खाती वेगळी राहतात. बहुपदींचंही असंच करता येतं. पृथ्वीच्या गोळ्यावर क्ष आणि य या दोन बहुपदी घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. संत्र्याच्या चार मोठ्या फाका कराव्यात तसे भाग पडतात. दोन भागांत उत्तर अधिक, दोन भागांत उणे. सगळ्याची बेरीज शून्य. झाल्या या दोघी लंब!

पण क्षचा वर्ग आणि यचा वर्ग घेतले, तर गुणाकार कुठेच उणे होत नाही आणि बेरीज शून्य येत नाही. मग दोघांची वजाबाकी करून नवी बहुपदी बनवावी लागते. एकच चल असेल तर क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशी रांग आपोआप लागते. चल वाढले की एकाच घाताच्या अनेक जणी उभ्या राहतात आणि आधी कोण, नंतर कोण हेच ठरत नाही. या विषयातली खरी मजा आणि डोकेदुखी तिथेच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लजांद्र आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांनी ग्रहांच्या आकर्षणासाठी हे काम सुरू केलं. 2008 मध्ये अमेरिकेने जाहीर केलेलं पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल याच पद्धतीवर उभं आहे. त्यातल्या पदांची संख्या 46 लाखांच्या वर जाते. प्रत्येक पद आपला वाटा सांगतं: एक पृथ्वीचा चपटेपणा, दुसरं एखादा रुंद खळगा, पुढची बारीकसारीक चढउतार.

हे सगळं कशाला सांगतेय? कारण धाकटी डहाणूपासून जवळच वाढवण बंदर होतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. खर्च 76 हजार कोटींच्या वर, आणि सुमारे 1,448 हेक्टर समुद्रात भराव. किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार त्याविरोधात वर्षानुवर्षं लढतायत. तुम्ही बाजूने असा किंवा विरोधात, पुढची अनेक वर्षं या समुद्राबद्दलची चर्चा आकड्यांतच होणार. भराव किती उंच? उधाणाचं पाणी कुठवर? आणि प्रत्येक उंचीला विचारावा लागेल एकच प्रश्न: कुठल्या शून्यापासून?

कारण शून्य एक नाही. नौकानयनाच्या नकाशांचा शून्य असतो खूप खाली गेलेल्या ओहोटीच्या पाण्याजवळ. जमिनीच्या नकाशांचा शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी, जी भारतात 1909 मध्ये मुंबईसह किनाऱ्यावरच्या नऊ केंद्रांतल्या भरतीच्या नोंदींवरून ठरली. आणि उपग्रहाचा शून्य, ज्याने मला साठ मीटर बुडवलं. अहवालात नुसतं 'उंची 5 मीटर' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि आम्ही पत्रकार? 'समुद्रसपाटीपासून' असं टाइप करून मोकळे होतो. मीही केलंय.

कुणी म्हणेल, हे तज्ज्ञांचं काम आहे. मान्य, पदं काढणं तज्ज्ञांचंच काम. पण शून्य विचारायला पीएचडी लागत नाही. आकडे आले की आपण गप्प बसतो, आणि मग ज्याच्याकडे जाड अहवाल, त्याचंच खरं ठरतं. गणित आपल्यासाठी नाही, हे तर डहाणूच्या मुलांनी म्हणूच नये. 6174 हा अंक जगाला देणारे दत्तात्रय कापरेकर 1905 मध्ये डहाणूतच जन्मले आणि शाळेत शिकवता शिकवता गणित करत राहिले.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. बीएस्सीच्या वर्गात लंब बहुपदी फळ्यावर येतात, परीक्षेत दहा मार्कांना विचारल्या जातात आणि केटी टळली की विसरल्या जातात. त्याऐवजी एक दिवस वर्ग किनाऱ्यावर न्या. फोनवरची उंची लिहा, त्या वेळचं भरतीचं कोष्टक बघा, फरक कुठून आला ते शोधा. मास कॉमवाल्यांनाही सोबत घ्या.

निघताना मी काकांना हे सगळं जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि धक्क्याच्या दगडावरच्या काळ्या रेषेकडे बोट दाखवलं. उधाणाला पाणी तिथवर येतं, म्हणाले. "तुमच्या त्या तिघांत आमची ही रेघ कुठे बसते, ते विचारून ये."

अजून विचारतेय.