शिकायला हंगाम लागतो

सेंद्रिय भाजीपाल्याची सध्या चलती आहे. रविवारी शहराजवळच्या एखाद्या शेतावर जायचे, आंब्याच्या सावलीत व्याख्यान ऐकायचे, पिठले-भाकरी खायची आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन परतायचे, अशा शिबिरांना आता तोटा नाही. त्यातून गोडी लागते, हे मान्य. पण एका दिवसात शेती शिकवू म्हणणे म्हणजे ‘पी हळद आणि हो गोरी’ असाच प्रकार. भाजी पिकवायला शिकायचे तर एक सबंध हंगाम मातीत काढायला हवा.

निवृत्तीनंतर जून ते ऑक्टोबर असे पाच महिने मी नाशिक जिल्ह्यातील एका सेंद्रिय शेतावर शिकाऊ म्हणून राहिलो. सोबत तिघे तरुण होते. काम करायचे, राहणे-जेवण शेतावर, असा सरळ व्यवहार.

जीवामृताची कृती पुस्तकात चार ओळींत संपते. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती; दोन-तीन दिवस सावलीत ठेवून ढवळत राहायचे. ते कोरड्या जमिनीला घालून उपयोग नाही, ओल असतानाच द्यायचे, ही गोष्ट वाफ्यात उभे राहिल्यावर अंगवळणी पडते. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा, कारण उन्हाने त्याचा गुण कमी होतो. वांग्याचा एखादा शेंडा मान टाकतो, तेव्हा आत अळी शिरलेली असते. तो अळीसकट खुडून नष्ट करायचा. पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने भेंडी तोडणीला येते, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. सणवार असो की पाऊस, चुकवली तर ती जून होते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. ही शिस्त व्याख्यानातून कशी यावी?

आणि हे शिकवले कोणी? शेतमालकांनी शिकवले, पुष्कळ शिकवले. पण शेंडा कोमेजलेला दहा पावलांवरून ओळखणाऱ्या, तण आणि रोप यांतला फरक बोटांनी जाणणाऱ्या होत्या त्या शेजारच्या वस्तीवरून रोजाने येणाऱ्या बाया. ‘काका, खुरपं आडवं धरा, मुळं दुखावतील,’ हे मला त्यांच्यापैकी एकीने पहिल्याच दिवशी सांगितले. आम्ही चौघे ‘शिकाऊ’, आणि त्या मात्र ‘मजूर’! आमच्या हाती अनुभवाचा दाखला आला. त्यांच्या हाती रोजच्यासारखी मजुरी, आणि वर आम्हाला सांभाळून घेण्याचे जास्तीचे काम. हा हिशेब मला पटलेला नाही.

सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या आद्य पुरुषांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतात. हा इंग्रज शास्त्रज्ञ 1905 मध्ये हिंदुस्थानात आला. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत त्याने कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्यावरच्या 1931 च्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक, असे हॉवर्ड यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. एवढा विद्वान जे कबूल करतो, ते आपण का करू नये?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिकाऊंना घेणाऱ्या शेतांनी शिकण्याचा काळ पेरणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत ठेवावा. आणि शिकवणाऱ्या हातांना शिक्षक मानून मजुरीखेरीज त्याचे वेगळे मोल द्यावे. शिकणाऱ्याने ऐपतीप्रमाणे त्यात वाटा उचलावा. शिकवणी वर्गांची फी आपण बिनतक्रार भरतोच ना!

या सगळ्याचा तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराशी संबंध आहे. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळणाऱ्या जमिनीला, हंगामी पिके असतील तर, प्रमाणपत्रासाठी साधारण दोन वर्षे रूपांतराच्या काळातून जावे लागते. त्या वर्षांत उत्पन्न अनेकदा घटते आणि मालावर ‘सेंद्रिय’ असा पूर्ण शिक्काही नसतो. त्या काळात शेतकऱ्याला तगवायचे तर गिऱ्हाईक जाणते हवे. ज्याने एकदा हंगामभर खुरपणी केली आहे, तो भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना अडखळतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

घरातला मुलगा किंवा मुलगी परीक्षेनंतर एक हंगाम शेतावर जायचे म्हणाली, तर वर्ष वाया जाईल म्हणून अडवू नका. त्यातला एखादाच पुढे शेतकरी होईल. बाकीचे निदान जाणते गिऱ्हाईक होतील, आणि शेतीला त्यांचीही तितकीच गरज आहे.