पूररेषा आखली, माणसांचा नकाशा कुठे?

पुण्यात २०१९ च्या जूनअखेरीस कोंढव्यात सीमाभिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला. भिंतीलगतच्या पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले ते परराज्यांतील बांधकाम मजूर आणि त्यांचे कुटुंबीय होते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी परिसरातील घरांत शिरले. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरीतील सोसायट्यांचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे दगावले.

पाऊस एकच, पण त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. वर राहणारे शेजारी असलेल्याला जिना चढून जीव वाचवता येतो. पत्र्याच्या खोलीत ती सोय नसते, आणि हातगाडीवरच घर चालत असेल, तर ती सोडून पळणे सोपे नसते.

प्रशासनाकडे नकाशा आहे तो पाण्याचा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाणी कुठवर येईल, हे त्या सांगतात; घरातून कोण बाहेर पडू शकणार नाही, हे सांगत नाहीत. कोंढव्याची भिंत तर कोणत्याच पूररेषेत बसत नव्हती.

अमेरिकेत सुसान कटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उत्पन्न, वय, घराचा प्रकार अशा निकषांवरून सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला. पुण्यातही पूररेषेवर असा दुसरा थर चढवायला हवा. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गर्भवती, डायलिसिसवरील रुग्ण, अपंग व्यक्ती आणि मराठीतील सूचना न समजणारे मजूर कोणत्या वस्तीत किती आहेत, हे त्यात दिसावे. २०११ च्या जनगणनेवर हे काम भागणार नाही. २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली, आणि मजुरांच्या वसाहती तर प्रकल्पागणिक जागा बदलतात. आशा आणि अंगणवाडी सेविका वस्त्यांमध्ये घरोघरी जातातच. त्यांना योग्य मोबदला देऊन दर मे महिन्यात ही माहिती ताजी करता येईल.

यात एक धोका आहे. जून २०२१ मध्ये भर पावसाळ्यात आंबील ओढा वसाहतीत घरे पाडली गेली आणि न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. नकाशा म्हणजे पाडकामाची यादी, अशी शंका आली तर लोक दार उघडणार नाहीत. म्हणून ही माहिती फक्त सुटका, औषधे आणि निवाऱ्यासाठीच वापरली जाईल, असे लेखी बंधन महापालिकेने आधी स्वतःवर घालावे. नावे आणि आजार वस्तीपातळीवरच राहावेत, वर केवळ आकडे जावेत.

धरणातून विसर्ग वाढल्याचा भोंगा वाजतो, तेव्हा कोणत्या दारावर आधी थाप मारायची हे पथकाला ठाऊक असले पाहिजे. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ही शोधाशोध सुरू करून चालणार नाही.